मर्लची रायफल, टपालाने

ऑर्विल टॉलेफसन फेब्रुवारीत गेला. एप्रिल सरत आला तरी आर्डिसने त्याचं कपाट उघडलं नव्हतं. चर्चच्या बायका त्याचे कपडे गरजूंना द्यायला म्हणून दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा तिने त्यांना कॉफी पाजली, केक खाऊ घातला आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणून वाटेला लावलं. पुढचा आठवडा यायचा आणि जायचा. बेनफील्ड गावापासून घर अकरा मैल लांब. शेत शेजाऱ्याला कसायला दिलेलं, मूलबाळ नाही. सकाळी रेडिओवरचा माणूस हवामान सांगायचा आणि आर्डिस त्याला मोठ्याने ‘बरं’ म्हणायची, कारण त्यानंतर दिवसभर कुणाला काही म्हणायची वेळ येत नसे.

मग एका सकाळी वारा पडला. मोंटानाच्या त्या उत्तर टोकाला वारा पडणं म्हणजे कुणीतरी खोलीतून उठून गेल्यासारखं वाटतं. त्या शांततेत बसवेना, म्हणून तिने कपाट उघडलं.

कोट होते, शर्ट होते, तीन जोड बूट होते. वरच्या फळीवर ऑर्विलचं रिव्हॉल्व्हर त्याच्या डब्यात. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, जुन्या फ्लॅनेलच्या चादरीत गुंडाळलेली लांब रायफल. तिच्या पट्ट्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर ऑर्विलच्या ठोकळेबाज अक्षरात एकच शब्द होता : मर्लची.

ती तिथे आहे हे आर्डिसला माहीत होतं. बेनफील्डमध्ये चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

मर्ल स्टकी आणि ऑर्विल लहानपणापासूनचे. शिकारीला जायचे तर दोघं, कुंपण घालायचं तर दोघं. बावीस वर्षांपूर्वी मर्लची बायको नोरीन आजारपणात गेली आणि पुढच्या वसंतात एक दिवस, गावातल्या कॅफेत भर दुपारच्या गर्दीत, मर्ल ऑर्विलच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. माझ्या बापाची रायफल मला परत दे, म्हणाला. ऑर्विल म्हणाला, आत्ता नाही. मर्लचा आवाज चढला. बापाच्या हातची वस्तू याने गिळली, मित्र म्हणवतो आणि चोरासारखा वागतो, असं तो सगळ्यांसमोर बोलला. ऑर्विलने मान वर केली नाही, उत्तर दिलं नाही, पुढ्यातला ॲपल पाय संपवला, टोपी घातली आणि निघून आला. जूनमध्ये मर्ल घरदार विकून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या डोंगरात, भावाच्या लाकूड गिरणीवर निघून गेला. त्यानंतर दोघांत शब्द नाही.

त्या संध्याकाळी आर्डिसने नवऱ्याला विचारलं होतं, दुसऱ्याची वस्तू का ठेवून घेतोस? तो म्हणाला, “ते आमच्यातलं आहे.” तिला गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती, शाळेच्या स्वयंपाकघरात ती रोज साऱ्या गावाच्या पोरांना जेवायला वाढायची. ती म्हणून गेली, “चोराशी लग्न केलंय हे मला माहीत नव्हतं.” ऑर्विल मोरीपाशी गेला आणि हात धुवायला लागला. हात स्वच्छच होते.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात त्याला एका दमात दोन-तीन शब्दच बोलता यायचे. त्यात एकदा त्याने मर्लचं नाव काढलं. “मर्लला विचार,” म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. “आणि दे.” काय विचारू, पत्ता का, असं तिने विचारलं. तोवर त्याला झोप लागली होती.

पत्ता तर घरातच होता. ऑर्विल गेल्याचं कुठून तरी मर्लला कळलं होतं, कारण मार्चमध्ये एक दुखवट्याचं कार्ड आलं. आत छापील ओळी, खाली नुसतं ‘मर्ल’, आणि पाकिटावर पश्चिमेकडच्या एका पोस्टातल्या भाड्याच्या पेटीचा नंबर. आर्डिसने ते कार्ड शोधून काढलं, रायफल पुन्हा चादरीत गुंडाळली, गाडीच्या सीटमागे आडवी ठेवली आणि गावाकडे निघाली. त्या भागात गाडीत रायफल दिसली तर कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

आधी ती चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावात गेली, कारण तिथे खासगी पार्सल कंपनीचं दुकान होतं. काउंटरवरच्या मुलीने काय पाठवायचं आहे ते विचारलं आणि ऐकल्यावर हात मागे घेतला. कंपनी बंदुका फक्त परवाना असलेल्या दुकानदारांकडूनच घेते, साध्या माणसाकडून नाही, असं तिने पाठ केल्यासारखं सांगितलं. आर्डिसने विचारलं, हा कायदा आहे का? मुलगी म्हणाली, तो आमचा नियम आहे, कायद्याचं मला माहीत नाही.

मग ती बंदुकांच्या दुकानात गेली. दुकान वेस नावाच्या चाळिशीतल्या माणसाचं. त्याला ऑर्विलची ओळख होती. त्याने रायफल हातात घेतली, गोळी आत सरकवणारा बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि दस्त्यावरून अंगठा फिरवला. जिथे गाल टेकतो तिथे लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं.

तो म्हणाला की दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ती त्याच्यामार्फत तिकडच्या एखाद्या दुकानदाराला पाठवायची. मग तो दुकानदार मर्लकडून फॉर्म भरून घेईल, सरकारकडे त्याची चौकशी करेल आणि मगच हातात देईल. दुसरा म्हणजे सरळ पोस्ट.

“पोस्टाने बंदूक जाते?” आर्डिसला खरं वाटेना.

“लांब नळीची जाते. तुम्ही मोंटानाच्या, तो मोंटानाचा, दोघं साधी माणसं. राज्यातल्या राज्यात रायफल पोस्टाने धाडायला कायद्याची हरकत नाही. काही राज्यांत यालाही चौकशी लागते, आपल्याकडे नाही. रिव्हॉल्व्हर मात्र नाही जायचं, शेजारच्या गल्लीतसुद्धा.” मग तो थोडा हसला. “ऑर्विलने शेवटी सोडली म्हणायची.”

आर्डिसने रायफल उचलली आणि त्याचे आभार मानले.

बेनफील्डचं पोस्ट म्हणजे एक खोली. लव्हॉन तिथली पोस्टमास्तर, पस्तिशीची. लहानपणी आर्डिसच्या हातचं जेवून शाळा शिकलेली, त्यामुळे अजून तिला नावाने हाक मारायची नाही. आर्डिस रायफल गाडीत ठेवून आधी नुसतं विचारायला आत गेली. लव्हॉनने नियमांचं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. रायफल रिकामी हवी. बाहेरून आत काय आहे ते दिसता कामा नये. रजिस्टर करून, सहीची पोचपावती घेऊन पाठवलेली बरी. आणि दोघंही एकाच राज्याचे रहिवासी हवेत.

“आहेत ना?” तिने विचारलं.

आर्डिसने कार्डाचं पाकीट पुढे केलं. लव्हॉनने शिक्का बघितला आणि ओठ मुडपले. “मिसेस टॉलेफसन, हे गाव आयडाहो राज्याच्या हद्दीला चिकटून आहे. तिकडचे पुष्कळ लोक हद्दीपलीकडे राहतात आणि पोस्टाची पेटी मात्र अलीकडे घेतात. हा माणूस राहतो कुठे?”

“पेटी इथली आहे ना?”

“पेटीत कुणी राहत नाही. तो हद्दीपलीकडे राहत असेल तर ते दुसरं राज्य झालं. मग मी घेऊ शकत नाही. तुम्हाला दुकानदारामार्फतच जावं लागेल. आधी त्याला विचारा.”

मर्लला विचार, असं ऑर्विल म्हणाला होता. हेच ते असावं, असं आर्डिसला वाटलं आणि तिला थोडं बरं वाटलं. त्या माणसाने मरताना पोस्टाच्या नियमाचा विचार केला असेल यात तिला काहीच नवल वाटलं नाही. फोन नंबर तिच्याकडे नव्हता. तिने तिथेच उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या. तुझी रायफल परत करायची आहे. पोस्टाने पाठवता येते, पण तू हद्दीच्या अलीकडे राहतोस की पलीकडे ते कळायला हवं. खाली स्वतःचा नंबर. मग लव्हॉनकडून तिकीट घेऊन पत्र टाकलं.

नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत फोन एकदाच वाजला आणि तोही चुकीचा नंबर होता. आर्डिसने त्या चुकीच्या माणसाशीही बोलण्यात तीन-चार मिनिटं काढली. दहाव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, ती बटाटे सोलत असताना पुन्हा वाजला.

“आर्डिस? मर्ल बोलतोय.”

आवाज म्हातारा झाला होता, पण शब्दांच्या मधे थांबायची ती जुनी खोड तशीच होती. त्याने ऑर्विलबद्दल दोन शब्द म्हटले. तिने नोरीनचं नाव काढलं नाही. तो हद्दीच्या अलीकडेच राहतो, म्हणाला. नदीच्या या बाजूला, सहा मैल आत, भाऊ वारल्यापासून एकटाच. गाडी चालवण्याचा परवाना मोंटानाचा, मतदान मोंटानात. हवं तर लिहून देतो.

“मग झालं तर,” आर्डिस म्हणाली. “सोमवारी पाठवते.”

लाईन तुटली की काय म्हणून तिने हाक मारली.

“ऐकतोय,” मर्ल म्हणाला. “ऑर्विल काय म्हणाला होता, आर्डिस? नेमकं काय?”

“मर्लला विचार आणि दे, म्हणाला.”

“आणि तू हे विचारलंस? हद्दीच्या अलीकडे का पलीकडे?”

“दुसरं काय विचारायचं?”

तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. “त्याने तुला कधीच सांगितलं नाही?” त्याने विचारलं. आर्डिस म्हणाली, काय सांगितलं नाही? तेव्हा मर्लने सांगायला सुरुवात केली. सावकाश, मधे मधे इतका थांबत की तिला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

नोरीन ऑक्टोबरात गेली. नोव्हेंबरात एका सकाळी मर्ल ती रायफल घेऊन ऑर्विलच्या शेडमध्ये आला. ऑर्विल काहीतरी ठोकत होता. मर्लने रायफल त्याच्या समोरच्या बाकावर ठेवली आणि म्हणाला, ही तुझ्याकडे ठेव. माझ्या घरात ती असलेली बरी नाही. मी मागितली तरी देऊ नकोस. शिव्या दिल्या, रडलो, अंगावर धावून आलो, तरी देऊ नकोस. आणि कुणाला सांगू नकोस, आर्डिसलासुद्धा नाही. उद्या सगळं गाव माझ्याकडे त्या नजरेने बघायला लागलं तर मी तेवढ्यानेच मरेन. ऑर्विलने हातोडी खाली ठेवली. एकच गोष्ट बोलला : “खिशात काय आहे ते काढ.” मर्लच्या कोटाच्या खिशात चार काडतुसं होती. ऑर्विलने ती घेतली आणि त्याला कॉफी दिली.

“त्यानंतर तो सारा हिवाळा रोज सकाळी माझ्याकडे यायचा,” मर्ल म्हणाला. “रोज. बर्फ असो, काही असो. बसायचा, कॉफी प्यायचा, गाईगुरांचं बोलायचा, जायचा. मार्चपर्यंत.”

आर्डिसला तो हिवाळा आठवत होता. उत्तरेकडच्या पाण्याच्या टाकीतला बर्फ फोडायला जातो म्हणून ऑर्विल रोज सकाळी निघायचा आणि दोन दोन तास यायचा नाही. बर्फ फोडायला दोन तास लागतात का, असं तिने एकदा टोचून विचारलंही होतं. जाड आहे, असं तो म्हणाला होता.

“मग एप्रिलमध्ये मला वाटलं, मी आता ठीक आहे,” मर्ल म्हणाला. “मागितली. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नाही म्हणाला. मी ठीक नव्हतो, आर्डिस. त्याने बरोबर ओळखलं. आणि मी कॅफेत सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं, आणि त्याने ते ऐकून घेतलं.”

“बावीस वर्षं तू कळवलं नाहीस.”

“पहिलं वर्ष राग होता. दुसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली. नंतर इतका उशीर झाला की काय लिहायचं तेच सुचेना. दर नाताळात कार्ड आणायचो. ती सगळी इथे ड्रॉवरमध्ये पडली आहेत.”

आर्डिस खुर्चीत बसली. फोनची तार पुरत नव्हती, म्हणून तिला भिंतीकडे वाकून बसावं लागलं. मर्लला त्याच्या ‘चोर’ शब्दाची कबुली देता आली होती, आता, उशिरा का होईना. तिचा तोच शब्द मात्र तिच्याकडेच होता. त्या संध्याकाळी मोरीपाशी स्वच्छ हात धुणारा तो माणूस तिच्यासमोर उभा राहिला, आणि तो मागे वळला नाही. एक वाक्य बोलून त्याला स्वतःला सोडवता आलं असतं. बावीस वर्षं एका टेबलावर जेवूनही तो ते वाक्य बोलला नाही.

ती म्हणाली, “मग आता विचारते.”

“विचार.”

“पाठवू का?”

मर्लने लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्याने लगेच उत्तर दिलं नाही म्हणूनच पुढे तो जे बोलला त्यावर तिचा विश्वास बसला. तो म्हणाला, मी शहात्तर वर्षांचा आहे. एक कुत्री आहे, तिला माझ्याशिवाय कुणी नाही. बहुतेक दिवस चांगले जातात. पण इथला हिवाळा लांब असतो आणि डोंगरामुळे ऊन चार तासच पोचतं. शपथ घे म्हणालीस तर घेणार नाही.

“मग?”

“बोल्ट काढून घे. बोल्ट तुझ्याकडे ठेव, नुसती रायफल पाठव. मला ती झाडायची नाही. बापाचा गाल जिथे टेकायचा ते लाकूड मला भिंतीवर हवं आहे, बस.”

बोल्ट कसा काढायचा ते त्याने फोनवर सांगितलं. तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला, रायफल आणली, त्याने सांगितलं तसा खटका दाबून धरत बोल्ट मागे ओढला. तिसऱ्या खेपेला तो निघून तिच्या हातात आला. थंड, जड, तेलकट. तिने रिसीव्हर उचलून सांगितलं, निघाला. “ठेव कुठेतरी,” मर्ल म्हणाला. “मला सांगू नकोस कुठे.”

सोमवारी तिने पडद्यांच्या दांड्यांचं एक लांब खोकं हार्डवेअरच्या दुकानातून मागून आणलं. भरायला काही मऊ हवं होतं. तिने कपाट उघडलं, ऑर्विलचे दोन फ्लॅनेलचे शर्ट काढले, क्षणभर नाकाशी धरले आणि मग रायफलच्या भोवती घट्ट गुंडाळले.

पोस्टात लव्हॉनने खोकं घेतलं आणि विचारायचं ते विचारलं. रिकामी आहे? तो राज्यातच राहतो? आर्डिसने मर्लने सांगितलेला सगळा पत्ता दिला, बोल्ट काढून ठेवल्याचंही सांगितलं, कारण तिला खोटं बोलायचं नव्हतं. बोल्ट नसला तर ती बंदूक धरतात का, असं तिने विचारलं. लव्हॉन म्हणाली, कायद्याला बोल्टशी काही घेणं नाही. ज्या सांगाड्यात तो बसतो तो सांगाडा म्हणजेच बंदूक. तेव्हा ही पुरी रायफलच, आणि पुऱ्या रायफलचेच नियम.

“आणखी एक,” ती म्हणाली. “हे फॉर्मवर नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं. ज्याला बंदूक बाळगायला कायद्याने बंदी आहे, अशा माणसाला जाणूनबुजून देता येत नाही. तुरुंगाची शिक्षा झालेला, कोर्टाने वेड्यांच्या इस्पितळात धाडलेला, असे. तसं काही आहे का?”

“मर्ल कोर्टात कधी गेला नाही,” आर्डिस म्हणाली. “त्याच्याबद्दल कुणी कधी काही लिहून ठेवलेलं नाही.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. लव्हॉनने मान डोलावली, खोक्याच्या सगळ्या कडा कागदी पट्टीने बंद केल्या आणि प्रत्येक जोडावर गोल शिक्का मारला. कायद्याला जेवढं विचारायचं होतं तेवढं विचारून झालं होतं. उरलेलं विचारायचं काम एका माणसाने बावीस वर्षं केलं होतं, आणि ते आता तिच्या अंगावर आलं होतं, हे आर्डिसला बाहेर गाडीत बसल्यावर कळलं.

अकरा दिवसांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं, त्यावर मर्लची वाकडीतिकडी सही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. रायफल भिंतीवर लावली, म्हणाला. शर्ट परत पाठवू का?

“ठेव,” ती म्हणाली. “घाल. तुला होतील.”

“बाह्या आखूड होतात.”

“त्यालाही व्हायच्या.”

उन्हाळा आला, गहू पिवळा पडला. ऑगस्टमध्ये कापणीच्या दिवसांत आर्डिस कॅफेत गेली, कारण घरात सलग पाच दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. सगळं गाव तिथे होतं. खिडकीशी डेलमर बसला होता. ऑर्विलच्याच वयाचा, जीभ सैल, पण मनाने वाईट म्हणावा असा नव्हे. त्याने तिला बोलावून घेतलं, खुर्ची ओढून दिली, आणि कॉफी येईपर्यंतही त्याला दम निघाला नाही.

“अगं, मर्लची रायफल पाठवलीस म्हणे. वेस सांगत होता. चांगलं केलंस.” मग शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल अशा बेताने, “ऑर्विलची मूठ म्हणजे मूठच. उघडायला मरावं लागलं बघ.”

दोघं-तिघं हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. ही थट्टा इतकी जुनी झाली होती की तिला आता धारच उरली नव्हती, असं त्यांना वाटत असावं. आर्डिसने कपाच्या कानाला बोट लावलं. एक वाक्य पुरलं असतं. खोलीतला प्रत्येक माणूस गप्प झाला असता, डेलमरने टोपी काढली असती, आणि नवऱ्याचं नाव त्या एका दुपारी धुऊन निघालं असतं. आणि आठवड्याच्या आत ती गोष्ट कुणाच्या तरी मेव्हण्यामार्फत डोंगरापलीकडे पोचली असती, आणि एका छोट्या गावात लोक एका म्हाताऱ्याकडे त्या नजरेने बघायला लागले असते.

“हो,” ती म्हणाली. “पाठवली.”

“पोस्टाने जाते का गं पण?”

“राज्यातल्या राज्यात जाते. लांब नळीची.”

मग बोलणं पोस्टाच्या नियमांवर गेलं, तिथून सरकारवर, तिथून पावसावर. आर्डिसने ॲपल पाय मागवला आणि सगळा खाल्ला. तिच्या मनात आलं की ऑर्विलनेही त्या दिवशी सगळा संपवला होता. पूर्वी तिला तो कोडगेपणा वाटला होता. आता कळलं की हातांना काहीतरी काम लागतं, नाहीतर ते थरथरताना दिसतात.

आता ती आणि मर्ल, एवढी दोनच माणसं जगात होती ज्यांना ऑर्विल टॉलेफसन कोण होता ते माहीत होतं, आणि त्यांच्यामध्ये पाचशे मैल होते.

सप्टेंबरपासून ती दर रविवारी त्याला फोन करायला लागली. बोलण्यासारखं दोघांकडेही फारसं नसायचं. तो कुत्रीचं सांगायचा, ती वाऱ्याचं. एखाद्या रविवारी तो दोन शब्दांत उत्तरं द्यायचा, आणि मग ती आठवडाभर त्या दोन शब्दांचा आवाज मनात घोळवत राहायची. नुसता थकला होता, की दुसरं काही? असं कुणाला विचारायची सोय नव्हती. बोल्ट तिने पिठाच्या डब्यामागे ठेवला होता, तो जागेवर आहे हे तिला माहीत होतं, पण त्याने काही धीर यायचा नाही. डोंगरात राहणाऱ्या माणसापाशी दोरखंड असतात, नदी असते. ऑर्विलला हे माहीतच असणार. म्हणून तर तो नुसती रायफल ठेवून घरी बसला नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिने दुपारी दोन वाजता नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. वीस वेळा वाजेपर्यंत तिने मोजली. तिने फोन ठेवला, ओटा पुसला, पुन्हा पुसला, मग पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. तिकडच्या शेरीफला फोन करावा का? काय सांगायचं? एका म्हाताऱ्याने रविवारी फोन उचलला नाही? ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. शेतं पांढरी पडली होती आणि रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

तीन वाजायला आले तेव्हा तिसऱ्यांदा लावला, आणि सहाव्या घंटीला तो उचलला गेला. मर्लला धाप लागली होती.

“कोण?”

“मी.”

“अगं, कुत्री हरणामागे पळाली होती. तासभर बर्फात हाका मारत फिरत होतो. आत्ता आत येतोय.” मग त्याचा श्वास थोडा बसला. “तू आधी लावला होतास का?”

“लावला होता,” आर्डिस म्हणाली. “दोनदा.”

पलीकडे कुत्री अंग झटकत होती, त्याचा आवाज येत होता.

“ऑर्विल असता तर फोन करत बसला नसता,” मर्ल म्हणाला. “गाडी काढून आला असता.”

“पाचशे मैल आहेत, मर्ल.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “बोल, वारा काय म्हणतोय?”